साळूबाईचा बिननावाचा रंग

ही गोष्ट फार मागची आहे. किती मागची म्हणून विचाराल, तर उंबरटेकच्या घाटात तेव्हा वाघ होता आणि खालच्या कोकणात जायला पायवाटेशिवाय दुसरी वाट नव्हती, एवढंच मला सांगता येईल. माझ्या आजीला तिच्या आजीनं सांगितली, आणि तिनंही ती कुणाकडून तरी ऐकलेलीच होती. त्यामुळे मध्ये मध्ये ‘असं म्हणतात’ आलं, तर हसू नका. मी काही तिथं बघायला नव्हते.

उंबरटेक हे घाटमाथ्यावरचं गाव. एका अंगाला माळ, दुसऱ्या अंगाला कडा, आणि कड्याखाली कोकण. थंडी अशी पडते, की सकाळी रांजणातलं पाणी तोंडात घेतलं की दात ठणकतात. अशा गावात वाकळेशिवाय माणसाचं चालत नाही. वाकळ म्हणजे काय, तेही आता पोरांना सांगावं लागतं. जुनी लुगडी-धोतरं एकावर एक अंथरायची, वरून रंगीत ठिगळं लावायची, आणि काठापासून टाके घालत घालत गोल फिरून मधोमध यायचं. काही जण तिला गोधडी म्हणतात. वाकळ तर त्या काळी सगळ्याच बायका शिवायच्या. पण साळूबाईनं शिवलेली वाकळ अंगावर घेतली की माणसाला झोप लागायची, असं म्हणतात.

साळूबाईचा नवरा तरुणपणीच गेला. पदरात एक मुलगी, तिचं नाव गजरा. दोघींचं पोट साळूबाईच्या सुईवर चालायचं. कुणी जुन्या कपड्यांचं बोचकं घेऊन आलं, की ती आधी विचारायची, पांघरणार कोण? मग त्या माणसालाच बोलावून घ्यायची. ओसरीवर सगळे तुकडे पसरायची, त्याला समोर बसवायची आणि गाईच्या दुधाच्या, गुडघ्याच्या दुखण्याच्या गप्पा काढायची. तो बोलत राहायचा आणि ही त्याचे डोळे बघत राहायची. बोलता बोलता माणसाची नजर तुकड्यांवरून फिरते आणि एका रंगावर पुन्हा पुन्हा परत येते. तोच तुकडा साळूबाई मधोमध लावायची. ती म्हणायची, तोंड खोटं बोलतं, नजर बोलत नाही.

गावचे खंडू पाटील भारी तापट होते. त्यांच्या बायकोनं, राऊबाई पाटलिणीनं, मानाला शोभेल म्हणून कुसुंबी लाल लुगडं आणून दिलं. साळूबाईनं ते घडी मोडून पाहिलं आणि परत केलं. आगीत तेल कशाला ओतायचं, म्हणाली. पाटलांच्या वाकळेत तिनं धुऊन धुऊन विटलेला फिका निळा लावला. त्या वर्षी पाटलांनी एकाही माणसाशी बांधावरून भांडण काढलं नाही, आणि गावाला थोडं चुकल्याचुकल्यासारखं झालं.

एका बाईचं तान्हं मूल गेलं होतं. तिच्या सासूनं पिवळे, पोपटी, गुलबक्षी तुकडे आणले. सून जरा हसावी, एवढाच तिचा हेतू. साळूबाईनं ते सगळे बाजूला सारले आणि काळ्याभोर चंद्रकळेची वाकळ शिवली. लोक म्हणाले, हिचं डोकं फिरलं. साळूबाईनं सासूला जवळ बसवून घेतलं.

“रडणाऱ्याला हसऱ्या रंगात निजवू नगा. त्याला वाटतं, आपलं दुःख कुणाला दिसलंच न्हाई.”

ती सून त्या काळ्या वाकळेखाली नऊ दिवस रडली. दहाव्या दिवशी उठून बाहेर आली आणि तिनं भाकरी मागितली. तेव्हापासून लोक साळूबाईला मानायला लागले. लांबलांबच्या गावांहून माणसं यायची. कुणाचं मन कशानं आंबलंय, कुणाला कसली धास्ती आहे, हे ती रंगांवरून ओळखायची, असं म्हणतात. पण दिव्याखाली अंधार असतो. साळूबाई चुकली ती तिच्या स्वतःच्या लेकीच्या वाकळेत.

गजराचं लग्न ठरलं घाटाखालच्या पाणवाडीत. मुलगा चांगला होता, घर खाऊनपिऊन सुखी होतं. साळूबाईनं ठरवलं, लेकीला अशी वाकळ द्यायची की कोकणातल्या बायकांनी तोंडात बोट घालावं. ती सगळ्या गावात फिरली आणि घरोघरच्या सवाष्णींकडून एकेक तुकडा मागून आणला. पाटलिणीनं कुसुंबी दिला, सोनाराच्या सुनेनं मोरपंखी, गुरवाच्या घरून हळदीपिवळा आला. गाव मोठ्या मनाचं होतं, कुणी हात आखडला नाही. मग नेहमीप्रमाणे साळूबाईनं सगळे तुकडे ओसरीवर पसरले आणि गजराला समोर बसवलं.

गजराची नजर कुसुंबीवर गेली, पिवळ्यावर गेली, मोरपंखीवरून फिरली आणि आईच्या मांडीवर जाऊन थांबली. साळूबाईच्या अंगावर तिचं रोजचं लुगडं होतं. नवऱ्यानं घेतलं तेव्हा ते अंजिरी होतं. पुढं इतकी वर्षं ते नदीवर आपटलं, उन्हात वाळलं, चुलीच्या धुरात वावरलं, की त्याला अंजिरी म्हणवत नव्हतं आणि राखाडीही म्हणवत नव्हतं. त्या रंगाला नावच नव्हतं. गजरा त्याच लुगड्याच्या झोळीत निजलेली, त्याच्याच पदराला नाक पुसून वाढलेली. तिची नजर पुन्हा सगळ्या तुकड्यांवरून फिरली आणि पुन्हा तिथंच आली. तिसऱ्यांदाही आली.

साळूबाईनं ते पाहिलं. गावात दुसऱ्या कुणाची नजर अशी आली असती, तर तिनं तिथल्या तिथं कात्री घेतली असती. पण विधवेचं लुगडं नव्या नवरीच्या वाकळेत? असं कुणी केलेलं नव्हतं. लेकीच्या कपाळावर आपल्या नशिबाची सावली नको, असं तिला वाटलं. आणि खरं सांगायचं, तर लेकीच्या डोळ्यांतली उदासी तिला बघवतच नव्हती. लेक हसत जावी, एवढंच तिला हवं होतं. तिनं मान फिरवली आणि मधोमध हळदीपिवळा लावला.

वाकळ अशी झाली, की बघायला सगळं गाव लोटलं. गजरानं तिच्यावरून हात फिरवला, छान झालीय म्हणाली आणि वैशाखात सासरी गेली.

पावसाचे चार महिने घाट बंद होता. दिवाळीला आणायला जाईल असा घरात बाप नव्हता, भाऊ नव्हता, आणि पाणवाडीत भाताची कापणी चालू, तिकडूनही कुणाला सवड झाली नाही. साळूबाईनं स्वतः जायचं, तर लेकीला मूल होईपर्यंत आईनं तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही अशी रीत. त्यात आपण पांढऱ्या कपाळाच्या, नव्या संसारात आपला पाय नको, असं तिनं मनाशी धरलेलं. ती रोज संध्याकाळी कड्यावर जाऊन उभी राहायची. खाली पाणवाडीची कौलं दिसायची, पण माणूस काही दिसायचं नाही. ती तशीच परत यायची.

थंडी पडायला लागली आणि घाट चढून दगडू कासार आला. तो वर्षातून दोनदा खाली बांगड्या भरायला जायचा. दर खेपेला तो साळूबाईच्या ओसरीवर थांबून पाणी प्यायचा. या खेपेला पाणी हातात घेऊन तो नुसताच बसला. साळूबाईनं विचारलं, गजरी कशी हाय?

“माणसं सोन्यासारखी हायती साळूबाई, त्यांना नावं ठेवू नगा,” दगडू म्हणाला. “पर पोरीला भरलेल्या बांगड्या कोपरापातुर चढत्यात. झोपच न्हाई तिला. तुमची वाकळ उन्हाला घालती, आन् एकेका ठिगळावर हात ठेवून बघती. मी इचारलं, काय हुडकतीस? तर म्हणली, आय हुडकती.”

गजराच्या सासरच्या माणसांबद्दल दगडू बोलला ते खरंच होतं, आणि मीही ते मुद्दाम सांगते, कारण अशा गोष्टीत सासूला खाष्ट करून टाकायची लोकांना घाई असते. गजराच्या सासूनं वैद्य आणला होता, देवाला कौल लावला होता, लोणीभात भरवला होता. पण त्या वाकळेत पाटलीण होती, सोनारीण होती, गुरवीण होती, सगळं उंबरटेक होतं आणि आई तेवढी नव्हती. पोरीनं झोपावं तरी कुणाच्या कुशीत?

दगडू गेला आणि साळूबाई तशीच ओसरीवर बसून राहिली. आपण काय केलं ते तिला कळून चुकलं होतं. परक्या माणसांच्या मनातलं ओळखणारी ती, पोटच्या पोरीची नजर तीन वेळा येऊन गेली आणि तिनं तोंड फिरवलं. ती स्वतःशीच रडली. मग तिनं डोळे पुसले, दुसरं एक धडुतं नेसलं आणि ते बिननावाच्या रंगाचं लुगडं ओसरीवर पसरलं.

राऊबाई पाटलीण तिकडून चालली होती, ती दारात थांबली. तिला वाईट वाटलं की भीती वाटली, कोण जाणे. म्हणाली, अगं, विधवेचं वस्त्र सवाष्णीच्या अंगावर घालतात का? पोरीचं काही वाईट झालं, तर गाव तुला दोष देईल.

“गाव दोष दील तो मी घीन,” साळूबाई म्हणाली. “पर माझं लुगडं पांढऱ्या कपाळाचं न्हवं बाई. ते तिच्या आयचं हाय.”

आणि तिनं कात्री चालवली. आता यापुढचं ऐका. झिजून झिजून त्या लुगड्याचं कापड असं राहिलं होतं किती? त्यात धड उशीसुद्धा झाली नसती. पण ती एक तुकडा लावायची आणि दुसरा उरायचा, तो लावायची आणि आणखी उरायचा. ती टाके घालत होती आणि सूर्य कड्यावर थबकला होता. वाकळ पुरी होईपर्यंत त्या दिवशी दिवस मावळलाच नाही, असं म्हणतात. गुरं घरी येईनात, चुली पेटवाव्यात की नाही ते बायकांना कळेना, आणि खंडू पाटील फिक्या निळ्याचा गुण विसरून सूर्याला शिव्या देत अंगणात फिरत होते. साळूबाईनं मधोमध शेवटची गाठ मारली, दातानं दोरा तोडला, आणि मग एकदम अंधार पडला.

उजाडताच ती वाकळ डोक्यावर घेऊन घाट उतरायला लागली. घाटात धुकं एवढं दाट, की स्वतःचे पाय दिसत नव्हते. अर्ध्या वाटेवर वाघ आडवा आला. तो जवळ आला, वाकळेचा वास घेतला, आणि त्याला जांभई आली. तिथंच वाटेवर तो पाय पसरून झोपला. साळूबाई त्याला वळसा घालून पुढं गेली. धुकं तिच्या मागं मागं वाकळेला अंग घासत चाललं होतं, असं म्हणतात. त्या दिवसापासून आमच्या घाटातलं धुकं पांढरं राहिलं नाही. थंडीच्या सकाळी कधी आलात तर बघा, त्याला कसलासा मळका अंजिरी रंग असतो.

ती पाणवाडीत पोचली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. गजरा अंगणात बसून तांदूळ पाखडत होती. आईला बघून ती धावली नाही, तेवढं तिच्या अंगात बळच नव्हतं. साळूबाई अंगणातच खाली बसली आणि तिनं वाकळ उलगडली. गजराची नजर तिच्यावर पडली. सुपातले तांदूळ सांडले. ती गुडघ्यांवर सरकत पुढं आली आणि तिनं वाकळेत तोंड खुपसलं.

“आये, हा रंग मी समद्या पाणवाडीत हुडकला गं.”

“माझ्याकडं मागायचा हुता की.”

“मागितला हुता,” गजरा म्हणाली.

 साळूबाईनं लेकीचं डोकं मांडीवर घेतलं आणि वरून वाकळ घातली. भर दुपारी, अंगणात, कोंबड्या भोवती टिपत असताना गजराला झोप लागली. सात महिन्यांची झोप होती ती. संध्याकाळ झाली, रात्र गेली, दुसरा दिवस गेला, गजरा उठली नाही. साळूबाई मांडी हलवत नव्हती. सासूनं पाण्याचा तांब्या आणला, हात जोडले. साळूबाईनं मानेनं नको म्हटलं. लेकीला अजून मूल नव्हतं, आणि एक रीत मोडली म्हणून सगळ्याच मोडायच्या नसतात, असं तिचं मत होतं. तीन दिवस ती पाण्याच्या थेंबाशिवाय तशीच बसली होती.

चौथ्या दिवशी पहाटे गजराच्या चेहऱ्यावर तजेला आला. श्वास हलका झाला. ती आता जागी होणार, हे साळूबाईला कळलं. तिनं वाकळेचं एक टोक गुंडाळून हळूच लेकीच्या डोक्याखाली सरकवलं आणि आपली मांडी काढून घेतली. सासू म्हणाली, तीन दिवस बसलात, आता तिला डोळे उघडू द्या, दोन शब्द बोलून तरी जा.

“तिनं मला बगितलं की पुन्यांदा आयपासनं तुटणं सोसावं लागंल तिला,” साळूबाई म्हणाली. “एकडाव सोसलंय तिनं. पुरं झालं.”

लेकीशी बोलायची हौस कुठल्या आईला नसते? सात महिने ती रोज कड्यावर उभी राहिलेली बाई होती. पण ती उठली आणि चालायला लागली. अंगणाच्या कडेला एकदा तिचे पाय थांबले, असं म्हणतात. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

साळूबाई घाट चढताना लाकूडतोड्यांना दिसली. अंगावरचं धडुतं पातळ, थंडी मरणाची, आणि ही हळू हळू वर चाललेली. मग धुकं आलं. धुकं विरलं तेव्हा वाट मोकळी होती. उंबरटेकच्या माणसांनी आठ दिवस घाट पिंजून काढला. दगडू कासार तर दऱ्याखोऱ्यांत हाका मारत फिरला. ती सापडली नाही. कुणी म्हणतं धुक्यानं तिला पांघरून घेतलं. मी काही म्हणत नाही. मला एवढंच वाटतं, की तिला त्या तीन दिवसांची फार झोप आली असेल.

इकडे गजरा जागी झाली. तिनं डोळे उघडायच्या आधी वाकळेवरून हात फिरवला, आणि कुणाला काही विचारलं नाही. उठून चूल पेटवली, सगळ्यांना वाढलं, स्वतः पोटभर जेवली. पुढं तिला चार मुलं झाली, सवाष्णपणी ती पिकून म्हातारी झाली. विधवेच्या लुगड्यानं तिचं काहीच वाईट झालं नाही. दर थंडीत ती एक दिवस अंगणात येऊन घाटाकडं तोंड करून बसायची, धुकं उतरून पायापर्यंत येईस्तोवर. मग पदरानं डोळे पुसून आत जायची. आईची आठवण कमी झाली का, असं तिच्या सुनेनं एकदा विचारलं, तर ती म्हणाली, आठवण तेवढीच आहे, पण आता तिच्यात झोप लागते.

राऊबाई पाटलिणीची लेक पुढल्याच वर्षी सासरी निघाली. तिच्या वाकळेसाठी भरजरी कापडं आली होती. पाटलीण आतल्या खोलीत गेली, अंगावरचं रोजचं, कडेला फाटलेलं लुगडं सोडलं आणि न धुता तसंच शिवणाऱ्या बाईच्या पुढ्यात आणून टाकलं. मधोमध हेच लाव, म्हणाली. गावानं ते पाहिलं.

तेव्हापासून उंबरटेकला ती रीत पडली, आणि ती आजही चालू आहे. मुलगी सासरी निघो, नाहीतर आताच्यासारखी पुण्याला नोकरीला निघो, तिच्या वाकळेत मधोमध आईच्या अंगावरच्या कपड्याचा तुकडा लागतो. तो नवा चालत नाही, धुतलेला चालत नाही. आई सवाष्ण की विधवा, ते कुणी विचारत नाही. हल्लीच्या आया घरात गाऊन घालतात, तर गाऊनचा तुकडा लागतो. रंग कुठलाही असो, त्या तुकड्याला सगळे साळूबाईचा रंगच म्हणतात.

आणि लेक पहिल्यांदा माहेरी आली, की गावात दुसरीकडं विचारतात तसं सुखात आहेस ना, सासू बरी आहे ना, असं आमच्याकडं विचारत नाहीत. त्याला लेकी काय, हो म्हणतात. आमच्याकडं आई तिच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवते आणि विचारते, “झोप लागते का गं?” लागते म्हणाली, तर मग बाकीच्या गप्पा सुरू होतात. आणि ती काही न बोलता नुसती आईकडं बघत राहिली, तर आई पुढचं काही विचारत नाही. ती आत जाते, दुसरं काहीतरी नेसते, आणि अंगावरचं काढून कात्री शोधायला लागते.